रेड, व्हाइट की पिंक?

आज लेकीचा वाढदिवस. तिला पास्ता खायचा होता, म्हणून कोल्हापुरात नव्यानंच उघडलेल्या एका 'ऑथेंटिक इटालियन' कॅफेत गेलो. मेनूकार्ड चौदा पानी. दोन पानं इटालियन, मग मेक्सिकन, चायनीज, पनीर टिक्का, आणि शेवटच्या पानावर चक्क मिसळ! वेटरनं विचारलं, "सर, रेड, व्हाइट की पिंक?" तिथंच माझं डोकं सटकलं.

पिंक म्हणजे पास्त्याचा तांबडा आणि पांढरा सॉस एकत्र ओतलेला. उद्या कुणी तांबडा-पांढरा एकाच पातेल्यात ओतून 'पिंक रस्सा' म्हणून वाढला तर पंगत उठंल का नाही, सांगा. (स्वतःच्या वाटीत कोण काय कालवतंय ते ज्याचं त्यानं बघावं.)

मी आलिओ ओलिओ पास्ता मागवला. नावाचा अर्थच लसूण आणि तेल. आला तो ढबू मिरची, बेबी कॉर्न आणि वर वितळलेली चीजची स्लाइस घेऊन. लसूण कुठाय ते शोधायला माणूस लावावा लागला असता.

मला तो पोरगा आठवला. राजारामपुरीच्या एका गल्लीत चार टेबलांचं दुकान होतं त्याचं. आधी जहाजावरच्या किचनमध्ये एका इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली काम केलेलं. मेनू एक पान, तेही हातानं लिहिलेलं. पिझ्झ्याची कणीक आदल्या दिवशी मळून ठेवायचा. "नेपल्सला दीड मिनिटात पिझ्झा निघतोय काका, माझी भट्टी तेवढी तापत नाही," असं स्वतःच सांगायचा. पास्ता उकडलेलं पाणी पळीभर लसणाच्या तेलात घालून असा काही हलवायचा की तेल-पाणी एकजीव. मी म्हटलं, हे पाणी कशाला? तर म्हणाला, "पुरणाच्या डाळीचं पाणी आपण वततोय व्हय मोरीत? कटाची आमटी करतोय की." बास. मला इटली कळली.

आणि इटली आपल्याला परकी नाही हो. आपले छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली युरोपातून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला, तिथं त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, जवळच्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो' म्हणतात. आपण राजाराम कॉलेज राजाराम कॉलेज करतो, पण हे किती जणांना ठाऊक आहे? २०२५ ला मिलानच्या फॅशन शोच्या रॅम्पवर आपली कोल्हापुरी चप्पल आपलं नाव न घेता चालली, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं. मीपण दोन पोस्टी टाकल्या होत्या. मग त्यांच्या ताटात आपण बेबी कॉर्न टाकतो त्याचं काय?

मान्य, जागेचं भाडं परवडत नाही, बाहेरचं चीज आणि ऑलिव्ह तेल सोन्याच्या भावात. मान्य, घरची सात माणसं गेली की एकाला नूडल्स लागतात, आजीला डोसा. तरी चौदा पानं? गंगावेशीतला दूधवाला म्हशीचं दूधच काढून देतो, सोबत मंचुरियन विचारत नाही.

लिहिता लिहिता राग उतरतोय, कारण खरं सांगायचं तर त्या पोराच्या दुकानात दुसऱ्याच खेपेला मी काय म्हणालो होतो? "भारी आहे रे, पण जरा तिखट कर की, वर थोडं चीज मार." तो हसला. "काका, ह्यात चीज नसतंय. पण तुम्ही म्हणताय तर घालतो." घातलं. मी बोटं चाटत खाल्लं. असं म्हणणारा मी एकटाच नसणार, कारण पुढं त्या हातानं लिहिलेल्या पानावर 'तंदुरी पास्ता' आला, मग दुसरं पान जोडलं गेलं. आणि मी शहाणा, चारचौघांत सांगत फिरलो की आता पूर्वीची मजा नाही राहिली. आठ महिन्यांत दुकान बंद. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

लेकीनं आज पिंकच घेतला. प्लेट पुसून खाल्ली, वर म्हणाली, "पप्पा, तुम्ही लई किरकिर करता."

असो. कोल्हापुरात कुठल्या गल्लीबोळात एकपानी मेनूचं, मालक स्वतः शिजवतोय असं इटालियन दुकान असंल तर पत्ता टाका. आणि तिथं मी चीज मागताना दिसलो तर खुशाल बाहेर काढा.