‘भटक्यांना नदीतलं काय कळतं?’ या मेसेजला उत्तर

‘ऑस्ट्रेलियात नद्यांचं नियोजन आता आदिवासींच्या गोष्टींवरून करतात. भटकी माणसं ती, पाण्याला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. आता त्यांना नकाराधिकार दिला, पाणीही त्यांच्या ताब्यात गेलं.’ अशा अर्थाचा मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्यातलं एकही विधान टिकत नाही.

पाण्याला हात लावला नव्हता? व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला बज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्हाच्या काळ्या दगडांत तिथल्या गुंडिचमारा आदिवासींनी चर काढले, बांध घातले, तळी राखली. कशासाठी? ईल माशांसाठी. आपल्या वामसारखा हा लांबट मासा वाढतो गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची ये-जा कधी, कुठून आणि किती पाण्यात होते, हे ठाऊक असल्याखेरीज असा चर काढताच येत नाही. बांधाच्या फटीत गवताची विणलेली निमुळती टोपली बसवायची. तिची वीण अशी, की मोठा मासा अडकावा आणि बारका निसटून वाढायला परत जावा. या रचनेतला काही भाग 6,600 वर्षांपूर्वीचा आहे. दगडी घरांचे पायेही तिथेच सापडले आहेत. 2019 मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा ठरवलं. याला मी जलव्यवस्थापन म्हणते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि हे सगळं बिघडवलं कोणी? गोऱ्या वसाहतीनंतर शेतजमिनीसाठी कालवे खणून तिथलं कोंडा सरोवर कोरडं केलं गेलं. गुंडिचमारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2010 मध्ये नवा बंधारा झाला आणि सरोवरात पाणी परतलं. बंधारा बांधायला अभियंते लागलेच. शास्त्र हाकलून द्या, असं तिथे कोणीच म्हणत नाही. नदीच्या मोजमापाच्या नोंदी दीड-दोनशे वर्षांपलीकडे जात नाहीत. त्याआधीची नदी ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना विचारायचं, एवढंच.

नकाराधिकाराचं म्हणाल तर मेलबर्नमधून वाहणाऱ्या यारा नदीचा 2017 चा कायदा बघा. त्याच्या नावातच तिथल्या वुरुंजेरी आदिवासींच्या वोई-वुरुंग भाषेतले शब्द आहेत, अर्थ ‘बिरारुंग जिवंत ठेवा’. बिरारुंग हे नदीचं मूळ नाव. कायद्यानं सबंध नदी एकच जिवंत घटक मानली आणि बिरारुंग परिषद नेमली. तिच्यात वुरुंजेरी समाजाच्या किमान दोन सदस्यांना जागा आहे. ही परिषद मंत्र्यांना सल्ला देते. सल्ला, नकाराधिकार नव्हे. किनाऱ्यावरच्या नागरिकांशी बोलून 2018 मध्ये नदीचं 50 वर्षांचं स्वप्न मांडलं गेलं, त्यावरून 2022 चा आराखडा झाला.

राहिलं पाणी. न्यू साउथ वेल्सच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात जवळपास दहातला एक माणूस ॲबोरिजिनल, म्हणजे आदिवासी आहे. तिथल्या भूपृष्ठावरच्या पाण्यापैकी त्यांच्या संस्थांच्या नावावर किती? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 0.2 टक्के. या खोऱ्यातल्या आदिवासींसाठी पाण्याचे हक्क विकत घ्यायला केंद्र सरकारनं 2018 मध्ये 4 कोटी डॉलर जाहीर केले. 2023 उजाडलं, तरी त्या पैशातून एक थेंबही खरेदी झाला नव्हता.