दोन इंचाला शहर बंद? हो, बंदच ठेवा

अटलांटात बर्फाचा अंदाज आला की आमच्या नॉर्थकडच्या नातेवाइकांच्या अंगात येतं. न्यू जर्सीचा मावसभाऊ रिकाम्या ब्रेडच्या रॅकचा फोटो कुठून तरी पैदा करतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग शिकागोची वहिनी: "आमच्याकडे आज आठ इंच. मुलं वेळेवर शाळेत." पुण्याहून आत्या विचारते, "स्नोमॅन केला का गं?" आत्यावर आपला काही राग नाही.

बाकीच्यांसाठी हे लिहितेय. दोन इंचांच्या नुसत्या अंदाजावर आदल्या संध्याकाळीच शाळा-ऑफिसं बंद जाहीर करणं याला तुम्ही भित्रेपणा म्हणता. माझ्या मते या शहराने गेल्या काही वर्षांत घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे, आणि तो फार महागात पडून शिकलेला आहे.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. हवामान खात्याने पहाटे चारच्या आधीच अटलांटासाठी विंटर स्टॉर्म वॉर्निंग दिली होती. तरी शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारी भुरभुर सुरू झाली आणि सगळ्यांना एकदमच घर आठवलं. शाळा सोडल्या, कंपन्या सोडल्या, सरकारी कचेऱ्या सोडल्या, सगळं दोन-तीन तासांत. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक त्याच गर्दीत अडकले. म्हणजे रस्ता मोकळा करायला ज्यांनी यायचं, तेच रस्त्यात उभे. चाकांखाली बर्फ दाबला गेला, थोडा वितळला, आणि पारा उतरला तशी त्याची काच झाली. हजारो मुलं शाळेतच झोपली, काही तर स्कूलबसमध्ये अडकून पडली. होम डेपोच्या आणि औषधांच्या दुकानांत लोक जमिनीवर आडवे झाले. २८५ हायवेवर एक बाई गाडीतच बाळंत झाली, मदतीला ट्रॅफिकमधून वाट काढत आलेला पोलीस. माझा नवरा दुपारी जेवून ऑफिसातून निघाला तो पहाटे घरी पोचला, शेवटचा टप्पा पायी, ऑफिसच्या बुटांत.

आणि बर्फ किती पडला होता? जेमतेम अडीच इंच.

जॉर्जियाचे तेव्हाचे गव्हर्नर नेथन डील आधी म्हणाले की वादळ अनपेक्षित होतं. हवामानवाल्यांनी ते लगेच खोडून काढलं, आणि दोनच दिवसांत डील यांना जाहीर माफी मागावी लागली. लोक हे विसरतात. त्या दिवशीचा घोळ शहर घाबरल्यामुळे झाला नव्हता. वेळेवर न घाबरल्यामुळे झाला होता. सोमवारी रात्रीच "उद्या घरी बसा" सांगितलं असतं तर मंगळवारी मुलांनी अंगणात धुडगूस घातला असता आणि विषय तिथेच संपला असता.

नॉर्थवाल्यांचा हिशोब इंचांत चालतो. इथे इंचांना फारसा अर्थ नाही. मिनेसोटात जानेवारीत पारा दिवसचे दिवस शून्याच्या बराच खाली असतो. बर्फ कोरडा राहतो, टायर त्याला धरतो. इथे पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून पाणी रस्त्यावर पसरतं आणि रात्री तेच पाणी गोठतं. सकाळी रस्ता ओला दिसतो, पण ओला नसतो. त्यात अटलांटा सपाट नाही. सगळं चढउतारांवर वसलेलं, आमच्या सबडिव्हिजनमधून बाहेर पडायचं तरी एक घाट चढल्यासारखं. कधी कधी ॲपलेशियन डोंगरांच्या पूर्वेच्या अंगाने थंड हवा खाली सरकून जमिनीलगत ठाण मांडते. टीव्हीवरचे हवामानवाले तिला 'वेज' म्हणजे पाचर म्हणतात. तिच्यावर उबदार हवेचा थर आला की वरून पाऊस पडतो आणि खाली टेकताच गोठतो. मग पाइनच्या फांद्या वजनाने मोडून तारांवर पडतात, आणि वीज गेली की इथली बहुतेक घरं थंडगार, कारण हीटिंगचा पंखा तरी विजेवरच चालतो. या सगळ्यात इंच किती? शून्य.

"मग बर्फ काढणारे ट्रक घ्या ना!" असा सल्ला दरवर्षी येतो. वर्षाला सरासरी दोनेक इंच पडतो इथे, तोही दरवर्षी नाही. तेवढ्यासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराइतका ताफा वर्षभर पोसायचा? माझा टॅक्स शाळांवर खर्च करा, रस्त्यांवर आदल्या रात्री मिठाचं पाणी फवारा, आणि एक दिवस सुट्टी द्या. हे गणित कुठल्याही गृहिणीला कळतं.

बर्फाचा अंदाज आला की इथे लोक ब्रेड आणि दूध घ्यायला धावतात, त्याचं मात्र मलाही कोडं आहे. वीज जाणार म्हणून फ्रिजमध्ये ठेवायची वस्तू का विकत घ्यायची? पण आपण हसायला नको, कारण त्याच दिवशी देशी दुकानात कोथिंबीर, कांदे आणि मॅगी यांचीही तीच गत असते. दुधाचा एक उपयोग मला शेजारच्या आजींनी दाखवला. त्या जॉर्जियातच जन्मल्या-वाढल्या. ताज्या, वरवरच्या बर्फात दूध, साखर आणि व्हॅनिला घालून ढवळायचं आणि वितळायच्या आत खायचं. याला स्नो क्रीम म्हणतात. आजींच्या लहानपणी बर्फ पडला की आई पातेलं बाहेर ठेवायची. ज्यांच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बर्फच असतो ते त्याला शिव्या देत फावडं मारतात. इथे कुणाकडे फावडंच नाही. गाडीची काच लोक स्वयंपाकघरातल्या उलथन्याने खरवडतात. मुलं घसरायला पुठ्ठ्याचे खोके, बेकिंगचे ट्रे, कपड्यांच्या बास्केट घेऊन निघतात. स्नोमॅन होतो तो लालसर, अंगभर पाइनच्या काड्या, कारण खाली गवतापेक्षा जॉर्जियाची लाल मातीच जास्त. तरी त्याचे फोटो पुण्याला जातात.

२१ जानेवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जे झालं ते आठवा. विमानतळावर आठ इंच. लुईझियानाच्या गल्फ किनाऱ्यावर इतिहासात पहिल्यांदा ब्लिझर्ड वॉर्निंग, म्हणजे हिमवादळाचा इशारा. अलाबामात मोबीलमध्ये साडेसात इंच, १८९५ चा विक्रम मोडला. फ्लोरिडात, होय फ्लोरिडात, मिल्टनला जवळपास दहा इंच. त्या राज्याचा आधीचा विक्रम चार इंचांचा, १९५४ चा, तोही मिल्टनचाच. आय-१० हायवे बंद. न्यू ऑर्लिन्स आधीच बंद केलेलं असल्यामुळे तिथले लोक काय करत होते? बर्बन स्ट्रीटवर हॉकी खेळत होते, स्विमिंग पूलची फुगवलेली खेळणी घेऊन बंधाऱ्यांवरून घसरत होते, आणि नन्स एका पाद्रीबरोबर बर्फाचे गोळे मारून खेळत होत्या. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. रस्त्यावर कुणी नाही म्हटल्यावर रस्ता खेळायला मोकळा. अटलांटात २०१४ ला हाच खेळ हायवेवर अडकला होता.

अटलांटातल्या त्या रात्रीच्या माणुसकीच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. हायवेजवळच्या घरांतले लोक थर्मासमधून कॉफी घेऊन गाड्यांपाशी गेले. कुणाच्या सोफ्यावर किती जागा आहे हे सांगायला फेसबुकवर ग्रुप निघाला आणि बघता बघता हजारो लोक त्यात आले. त्याच दिवशी अलाबामात बर्मिंगहॅमला एक न्यूरोसर्जन मेंदूच्या ऑपरेशनसाठी सहा मैलांच्या वाटेवर बर्फातून चालत निघाला. हे वाचताना मुंबईच्या माणसाला २६ जुलै २००५ आठवणारच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, छातीभर पाण्यातून चालणारी माणसं, बिस्किटांचे पुडे वाटणारे अनोळखी लोक. आणि त्यानंतर कित्येक वर्षं ऐकवलेलं ते 'मुंबई स्पिरिट'. माझा त्या शब्दावर तेव्हापासून राग आहे. स्पिरिटचे गोडवे गायले की नाले कुणी साफ केले नाहीत हे विचारायचं राहून जातं. अटलांटाने २०१४ नंतर निदान तो प्रश्न विचारला. आता निर्णय आदल्या दिवशी होतो आणि फवारणीचे ट्रक गर्दीच्या आधी निघतात.

अर्धा प्रश्न मात्र आम्हीच विचारू दिला नाही. त्या दिवशी मार्टाची, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची, रेल्वे चालू होती. रस्ते गोठले, रूळ चालले. पण ती रेल्वे आमच्या उपनगरांत येतच नाही. उपनगरातल्या ग्विनेट काउंटीने १९७१ मध्ये मार्टाला मतदानातून नकार दिला आणि २०१९ मध्ये परत दिला. तीन गाड्या दारात असलेले आपले लोकही "ट्रेन आली की गर्दी येते" म्हणतात. मुंबई लोकलवर वाढलेल्यांनी हे म्हणावं!

बर्फाला हसणाऱ्यांनी टेक्सास विसरू नये. फेब्रुवारी २०२१. ४५ लाखांहून जास्त घरांत वीज नाही, तीही दिवसेंदिवस. राज्याच्या अधिकृत आकड्यानुसार २४६ माणसं गेली. काही घरातच गारठून, काही ऊब मिळावी म्हणून बंद जागेत गाडी किंवा शेगडी चालू ठेवल्याने विषारी वायूने. टेक्सासच्या बहुतेक भागाला स्वतंत्र ग्रिड, म्हणजे विजेचं वेगळं जाळं, त्यामुळे शेजारून पुरेशी वीज घ्यायची सोय नाही, आणि गॅसच्या विहिरींपासून वीजकेंद्रांपर्यंत कितीतरी गोष्टी थंडीसाठी तयारच केलेल्या नव्हत्या. २०११ च्या थंडीनंतर तसे इशारे दिलेले होते. ह्यूस्टनच्या आमच्या मित्रांच्या घरात छतातला पाइप फुटून देवघरापर्यंत पाणी आलं. त्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कुणी मीम टाकलं नाही.

तर शहर बंद ठेवा. माझी अट एकच आहे, आणि इथे माझं आणि आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं पटत नाही. बंदची मजा लॅपटॉपवाल्यांना. पायजम्यात मीटिंग, गॅसवर पिठलं, पगार पूर्ण. तासावर काम करणाऱ्यांचा तो दिवस बुडतो, नाहीतर त्यांना त्याच काचेसारख्या बर्फावरून गाडी चालवत यावं लागतं. वॉफल हाऊस, म्हणजे इथली रात्रंदिवस उघडी असणारी हॉटेलं, उघडं आहे का यावरून आपत्ती किती मोठी ते 'फेमा'वाले, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याचे लोक, ओळखतात, असं इथे कौतुकाने सांगतात. अंडी तळायला ती बाई कामावर कशी पोचली, हे त्या गोष्टीत कधीच नसतं.

आमच्याकडे हे अगदी छोट्या प्रमाणात घडलं. मंडळाचं हळदीकुंकू शनिवारी होतं आणि शुक्रवारी रात्री बर्फाच्या अंदाजामुळे ते पुढे ढकललं. निर्णय अगदी बरोबर. पण गुळपोळ्यांची ऑर्डर घरून स्वयंपाक करून देणाऱ्या एका काकूंना दिली होती आणि त्यांच्या पोळ्या तोवर लाटून-भाजून तयार होत्या. कमिटीत चर्चा सुरू झाली: अर्धे पैसे द्यावेत की पुढच्या तारखेला नव्याने करून घ्यावेत? कुणीतरी म्हणालं, "बर्फ काय आपण पाडला?" मी म्हटलं, काकूंनीही नाही पाडला. पूर्ण पैसे द्या आणि पोळ्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवा. खूप वाद झाला, एक ताई माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढं बोलतात. पैसे पूर्ण गेले. पोळ्या सोमवारी रस्ते वितळल्यावर वाटल्या.