कलामहोत्सव पाहून सुखरूप घरी कसे यावे

समकालीन आणि प्रायोगिक कलांचा महोत्सव शहरभर भरणार असल्याची बातमी ठाण्यात येऊन थडकली, की सुजाण ठाणेकराने सर्वप्रथम ‘प्रायोगिक’ या शब्दापासून स्वतःला वाचवावे. आपल्या मनात हा शब्द अजून दादरच्या छबिलदासमध्येच मुक्कामाला आहे. प्रायोगिक म्हणजे शाळेचा जिना चढायचा, अवघडून बसून नाटक पाहायचे आणि खाली येऊन गल्लीतला बटाटेवडा खाता खाता ‘आपल्याला काही झेपले नाही बुवा’ असे मोकळेपणाने कबूल करायचे, अशी आपली समजूत आहे. यातील जिना, अवघडणे आणि वडा यांस आजही कोणाची हरकत नाही. मात्र कबुलीची सोय नव्या महोत्सवात ठेवलेली नाही. ज्यांना काही पाहायचे नाही, परंतु पाहिल्याचे श्रेय सोडायचेही नाही, अशा बहुसंख्य वाचकांसाठी पुढील सूचना स्वानुभवातून काढल्या आहेत.

‘शहरभर’ हा शब्दही जपून वाचावा. असे महोत्सव व्हेनिसमध्ये १८९५ पासून भरतात, आणि तेथे एका दालनाकडून दुसऱ्याकडे माणसे पाण्यातून जातात. आपल्याकडेही तलाव भरपूर आहेत, पण त्यांच्यातून कोठे जाता येत नाही. महोत्सवाच्या सुबक नकाशावर मासुंदा तलावाचा काठ, उपवन, वागळे इस्टेटमधील एखादी बंद शेड आणि घोडबंदर रोडवरील एखाद्या गृहसंकुलाचे क्लब हाऊस ही ठिकाणे एकमेकांपासून दोन दोन बोटांवर दाखवलेली असतात. नकाशा काढणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता तीन हात नाका ओलांडलेला नसतो. रिक्षावाल्यास ‘कलामहोत्सव’ असे सांगितले तर तो ‘म्हणजे गडकरीलाच ना?’ असे विचारून मीटर टाकील, आणि आपण होकार द्यावा; कारण रंगायतनापाशी उतरल्यास निदान तलावपाळीचा वारा तरी हक्काचा आहे, आणि महोत्सवातील चार ठिकाणे राहून गेल्याचे खापर वाहतुकीवर फोडता येते. ते खापर फुटले नाही, असे ठाण्यात आजवर घडलेले नाही.

प्रत्यक्ष दालनात शिरल्यावर काही पारिभाषिक शब्द लागतात. समोर जे काही असेल, म्हणजे चित्र, दोरखंड, मातीचा ढीग किंवा छताला उलटी टांगलेली खुर्ची, त्यास सरसकट ‘काम’ म्हणावे. ‘तिचं काम पाहिलंत का?’, ‘त्याचं आधीचं काम जास्त धीट होतं’, असे बोलता येऊ लागले की निम्मा महोत्सव सर झाला. मांडलेल्या वस्तूंच्या रचनेस मांडणशिल्प म्हणतात, आणि त्यास चुकूनही ‘देखावा’ म्हणू नये. ही सूचना वाटते त्याहून अवघड आहे. गणपतीत आपण रात्री बारापर्यंत रांगेत उभे राहून देखावे पाहिलेले आहेत. थर्माकोल, मोटर, लाल दिवा आणि ध्वनिमुद्रित निवेदन यांतून मंडळास काय म्हणायचे आहे, ते आपल्याला कोणी टीप लिहून न देता समजलेले आहे. आणि कोणत्या मंडळाने यंदा अंग चोरले, हेही आपण घरी येऊन बिनचूक सांगितलेले आहे. तीच गोष्ट रुखवताची. लग्नाच्या हॉलमध्ये एका बाजूला लांब टेबलावर मांडलेल्या त्या साखरेच्या देवळाभोवती आणि क्रोशाच्या तोरणाभोवती हात मागे बांधून फिरणाऱ्या मावशींना कोणती वस्तू हाताने केलेली आहे आणि कोणती आदल्या दिवशी विकत आणलेली आहे, हे तीन पावलांवरून ओळखता येते. अशा जाणकार बाईंना महोत्सवात नेऊ नये. न्यावेच लागले, तर त्यांनी ‘हे विकतचं आहे’ असे मोठ्याने म्हणण्यापूर्वी त्यांना खाण्याच्या दालनाकडे वळवावे.

आता, कोणी आपल्याला ‘ही कसली कला?’ असे विचारून कोंडीत पकडलेच, तर हाताशी काही पूर्वदाखले असावेत. सर्वांत जुना आणि अद्याप न झिजलेला दाखला फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांचा. त्यांनी १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात चिनी मातीचे मूत्रपात्र, त्यावर ‘आर. मट’ अशी सही करून पाठवले. सहा डॉलर शुल्क भरणाऱ्या कोणाचेही काम नाकारायचे नाही, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरीही ते मांडले गेले नाही, आणि पुढे ते मूळ पात्र हरवलेच. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात, त्या बहुतांशी द्युशाँ यांच्या संमतीने १९६४ साली करून घेतलेल्या प्रतिकृती आहेत. हा किस्सा सांगताना आवाज गंभीर ठेवावा. त्यातून एक व्यावहारिक खबरदारीही निघते: महोत्सवाच्या आवारात निकड भासल्यास भिंतीवर नावाची पट्टी आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरा दाखला केळ्याचा. इटालियन कलावंत मौरिझिओ कातेलान यांनी २०१९ साली मायामीच्या कलाजत्रेत एक केळे चिकटपट्टीने भिंतीला लावले आणि त्याची किंमत १ लाख २० हजार डॉलर ठेवली. त्याच कामाची एक आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरना गेली. त्या दिवशीचे केळे फळांच्या गाडीवरून ३५ सेंटना आणले होते, आणि विकत घेणाऱ्या गृहस्थांनी पुढे वार्ताहरांसमोर केळे खाऊन टाकले. जांभळी नाक्यावर डझनाच्या भावासाठी पाच मिनिटे हुज्जत घालणाऱ्या माणसाला हे ऐकून भोवळ येणे स्वाभाविक आहे. त्याला समजावून सांगावे की गिऱ्हाईकाला मिळाले ते एक प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. केळे सडले की नवे आणायचे. थोडक्यात, तेथे केळ्याचा सातबारा विकला गेला. एवढे सांगितल्यावर ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही माणसाला पुढचे आपोआप समजते, कारण जमीन न पाहता तिचे कागद विकत घेण्याची परंपरा आपल्याकडे मायामीपेक्षा जुनी आहे.

संगीताच्या दालनात शांतता असल्यास घाबरू नये. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या प्रसिद्ध रचनेत वादक चार मिनिटे तेहतीस सेकंद एकही स्वर वाजवत नाही. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकजवळच्या एका सभागृहात डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसले, त्यांनी झाकण लावून आणि उघडून तीन भाग दाखवले आणि ते उठले. केज यांचे म्हणणे असे, की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडत होते आणि तिसऱ्यात लोक कुजबुजत उठून चालले होते. ऐकायचे होते ते हेच. या रचनेचा प्रयोग ठाण्यात झाला तर तो जगातील सर्वांत समृद्ध प्रयोग ठरेल, याविषयी मला शंका नाही. पहिल्या भागात चिवड्याच्या पुडीचा कागद, दुसऱ्यात ‘हॅलो, नाटकात आहे, नंतर करतो’ आणि तिसऱ्यात कोणाच्या तरी खोकल्याला मागच्या रांगेतून मिळालेली दाद, एवढा ऐवज आपण कोणत्याही तालमीशिवाय देऊ शकतो.

दिव्यांच्या बाबतीतही आपली पूर्वतयारी चांगली आहे. रिकाम्या खोलीतला दिवा दर पाच सेकंदांनी लागतो आणि विझतो, एवढ्याच कामाच्या आधारे मार्टिन क्रीड यांना २००१ सालचे टर्नर पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधला समकालीन कलेचा मोठा मान आणि २० हजार पौंड मिळाले. तेव्हा दालनात अंधार झाल्यास ‘लाइट गेली’ असे ओरडू नये. पाच सेकंद मोजावेत. पाच मिनिटे झाली, तर मात्र बाहेर यावे.

चित्रफितींच्या अंधाऱ्या खोल्यांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. बसायला बाक असेल तर बसावे, पाय मोकळे करावेत, आणि चित्रफीत मध्यापासून पाहिली याची खंत बाळगू नये. सुरुवातीपासून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

याहून अधिक महत्त्व भिंतीवरील टीपेला आहे. ती आधी वाचावी. शक्य असल्यास तीच वाचावी. ती इंग्रजीत लिहून मग मराठीत आणलेली असते आणि वाटेत तिला बराच त्रास झालेला असतो. ‘हे काम धातूच्या स्मृतीशी वाटाघाटी करते’, असे वाक्य मी स्वतः वाचलेले आहे. वाटाघाटी आपण भाजीवालीशी करतो आणि मुलीकडच्या मंडळींशी करतो. धातूशी त्या कशा करतात, हा प्रश्न मनात आला तरी तो गिळावा आणि हनुवटीवर बोट ठेवून मान सावकाश हलवावी. टीपेतील दोन शब्द, उदाहरणार्थ ‘अवकाश’ आणि ‘विस्थापन’, लक्षात ठेवून पुढच्या दालनात वापरावेत. ते तेथेही चालतात. कोणी अधिक खोलात शिरू लागल्यास ‘कोचीला जे होतं, ते इथे नाही’ एवढे म्हणून थांबावे. कोचीचा महोत्सव १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला आणि तेथील मसाल्यांच्या जुन्या गोदामांत कामे मांडली जातात, इतकी माहिती हे वाक्य पेलण्यास पुरते. कोचीला जावे लागत नाही. काय होते, असे कोणी विचारलेच, तर ‘हवा’ असे सांगावे.

सफाई कामगारांपासून दूर राहावे, ही सूचना मी संकोचाने करीत आहे. इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात २०१५ साली शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटके आणि रंगीत कागदांचे कपटे यांचे एक मांडणशिल्प होते. सकाळी आलेल्या सफाई कर्मचाऱ्यांनी रात्रीची मेजवानी आटोपली असे समजून ते पिशव्यांत भरले, तेही वर्गवारी करून. संग्रहालयाने पिशव्यांतून ते परत मिळवले आणि पुन्हा मांडले. यातील एक बारकावा मला नेहमी अस्वस्थ करतो. पाहायला आलेली माणसे त्या बाटल्यांभोवती फेरी मारून पुढे गेली असतील, परंतु त्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन काच कोणती आणि कागद कोणता, हे ठरवण्याइतके लक्ष त्या मांडणीकडे सफाई कर्मचाऱ्यांनीच दिले. असे विचार महोत्सवात बाधतात. म्हणून म्हटले, दूर राहावे.

मात्र सर्वाधिक सावधगिरी निवृत्त टर्नरांविषयी, म्हणजे पारितोषिकवाल्या नव्हे, कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरांविषयी बाळगायची आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, तीही १९६० च्या दशकाच्या आरंभी, वागळे इस्टेटमध्येच उभी राहिली, आणि त्यामुळे ठाण्याच्या प्रत्येक जुन्या इमारतीत एखादा टर्नर, फिटर किंवा टूलरूममधला माणूस अजून टिकून आहे. आमच्या मजल्यावरच्या काकांना मी केवळ सोबत म्हणून नेले, ही माझी चूक झाली. शेडच्या मधोमध, वरून एकच झोत सोडलेला, एक जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातणारे यंत्र, उभा होता. धातूच्या स्मृतीची टीप याच कामाची. ‘हे काम बघा काका,’ मी म्हणालो. कारखान्यात ‘काम’ म्हणजे कातायचा तुकडा, आणि तो ज्या जबड्यात पकडतात तो चक. काकांनी लेथभोवती एक फेरी मारली आणि विचारले, ‘काम कुठाय? चक तर रिकामा आहे.’

येथेच मी त्यांना बाहेर काढायला हवे होते. तोवर काकांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि तिथला वॉचमन खुर्ची सोडून जवळ आला होता. तो बिचारा तीन दिवस त्या यंत्राशेजारी बारा बारा तास बसलेला. त्याला कोणीतरी काही सांगावे, अशी त्याची तहान होती. काकांनी त्याला सांगितले की बेड, म्हणजे हत्याराची कॅरेज ज्यावरून सरकते तो लांब पाया, झिजला आहे तो फक्त चकाच्या बाजूला, दुसरे टोक जवळजवळ नव्यासारखे आहे. म्हणजे या मशीनवर लांब शाफ्ट फारसे चढले नाहीत, आखूड जॉब झाले, आणि तेही वर्षानुवर्षे, एकाच हातभर जागेत कॅरेज पुढेमागे करत. ‘हा माणूस पीस रेटवर असणार, नगामागे मजुरी,’ काका म्हणाले. मग त्यांनी मलाही ती झीज पाहायला सांगितले. ती उभ्याने दिसत नाही. गुडघे वाकवून डोळा बेडच्या पातळीला आणावा लागतो, आणि तेव्हा झोताच्या प्रकाशात कडेची रेषा मध्येच किंचित खाली गेलेली दिसते.

वाचकहो, वाकू नये. वाकलेल्या माणसाच्या खांद्यावरून खादीची झोळी घसरते, हनुवटीवरचे बोट सुटते, आणि टीपेतून मोठ्या कष्टाने उचललेले दोन्ही शब्द त्या क्षणी आठवत नाहीत. शिवाय एकदा वाकले की वेळेचे भान राहत नाही; त्या दिवशी ‘कला आणि कामगार’ या विषयावरील परिसंवादास मी तब्बल पाऊण तास उशिरा पोहोचलो, आणि पुढच्या रांगेतील राखीव खुर्ची गमावून बसलो. आपल्यावर असा प्रसंग आलाच, तर घड्याळाकडे पाहावे, परिसंवादाची वेळ झाल्याचे सांगावे आणि निघावे. काका आपल्याला थांबवणार नाहीत. त्यांना अजून टेलस्टॉक पाहायचा असतो.