काय मिळालं, विचारता?

आज एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी जिलेबी खाता खाता विचारलं, "तुमच्या वडलांना ख्रिस्ती झाले तेव्हा मिशनवाल्यांनी काय दिलं होतं हो?" आजूबाजूचे हसले. परक्याचं लग्नघर, म्हणून मी गप्प बसले. इथे गप्प बसणार नाही.

काहीही दिलं नाही. गेलं काय, ते ऐका. अण्णांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या आडून व्याजबट्टा. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी उधारीची वही काढली आणि व्याजाच्या आकड्यांवर काट मारत बसले. ज्यांच्याकडून जास्तीचं आलं होतं, त्यांच्या दारी जाऊन पैसे देऊन आले. बायबलातल्या जक्कय या जकातदाराने लोकांकडून उकळलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, ती गोष्ट आपण ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकतो. अण्णांना चौपट जमलं नाही, पण उकळलेलं होतं तेवढं त्यांनी फेडलं. त्यात आमच्या गावचा बाजार रविवारचा, खरी विक्री त्याच दिवशी, आणि यांनी दुकान नेमकं रविवारी बंद ठेवायला सुरुवात केली. आई तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली नव्हती. "तुमच्या देवाला आमचंच पोट दिसलं का?" म्हणून रडली होती ती.

आणि लोक विचारतात, काय मिळालं!

धर्मांतर म्हटलं की यांना कुंकू आणि ताट एवढंच दिसतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण मांसाला त्या तिथेही शिवल्या नाहीत. बदललं ते आयुष्य कशावर खर्च करायचं हे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी पोरी गोळा करून आणत होती. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अक्षर शिकवलं, हाताला काम शिकवलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं, तेही कमी शिकलेल्या बाईला कळावं अशा मराठीत. त्याची छपाईसुद्धा मुक्तीतल्या बायकांनीच केली. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. अभंग सोडले नाहीत, कीर्तन सोडलं नाही. सोडला तो १९१७ मध्ये मिशनचा पगार! लाभासाठी गेलेला माणूस असा पगारावर पाणी सोडतो?

हो, पोटासाठी आलेलेही होते. दुष्काळात भाकरीसाठी आलेल्याला हिणवायचं असेल तर खुशाल हिणवा, मला त्यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही.

घरच्या बायकांना मात्र कोणी विचारत नाही, हे खरं आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला किती वर्षं ताटातूट आली. अण्णांनीही आजीचे देव तिला न विचारता नदीत सोडले. तिचं दुःख मी पाहिलंय. ते चुकलंच त्यांचं.

पण त्याच आजीला शेवटच्या दुखण्यात अण्णांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घातलं. पूर्वी या स्वतःच्या आईच्या खोलीत डोकावायला त्यांना वेळ नसायचा. पहाटे उठून आधी गल्ला मोजणारा माणूस आधी गुडघ्यावर बसायला लागला. एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे, त्यात उधारी बुडवून गाव सोडून गेलेलेही असत. ती नावं ऐकून आईचा संताप व्हायचा आणि मला हसू यायचं. अण्णांचा तापट स्वभाव काही गेला नाही. दुकानात ओरडायचेच. पण ज्याच्यावर ओरडले त्याची दिवस मावळायच्या आत माफी मागायचे, पोती उचलणाऱ्या हमालाचीसुद्धा. गावातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने हमालाची माफी मागितलेली मी पाहिली नाही. आईने पुढे आपणहून बाप्तिस्मा घेतला, तो ही माफी बघूनच. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, उपदेशाने नाही. ती स्वतः तसं सांगायची.

आता थोडं आपल्याच माणसांना. आपल्या मंडळीत साक्षी होतात, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगतात, त्या ताप उतरल्याच्या, नोकरी लागल्याच्या, व्हिसा मिळाल्याच्या. म्हणजे आपणही "काय मिळालं" हेच मोजतोय ना? मग त्या पंगतीतल्या माणसावर कुठल्या तोंडाने चिडायचं? बऱ्या झालेल्या आजाराबद्दल देवाचे आभार जरूर माना. पण कुणाचे पैसे परत केले, भावाच्या जमिनीवरचा कुठला दावा सोडला, घरकामाच्या बाईला पगारी सुट्टी द्यायला कधी लागलो, हेही उभं राहून सांगा. येत्या रविवारी मी पाळकसाहेबांना हेच बोलणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी माझ्यासोबत उभं राहा.