पस्तीस, सत्तर, पंचवीस

पेनसिल्व्हेनियातले घर सोडून डेलावेअर नदीच्या या तीरावर, न्यू जर्सीत, राहायला आलो तेव्हा गाडीच्या विम्यावरचा फक्त पत्ता बदलायचा आहे, अशा भ्रमात मी होतो. गाडी तीच होती, चालक तोच होता आणि गाडी मागे घेताना त्याला फुटणारा घामही तोच होता. परंतु अमेरिकेत विम्याचा कारभार १९४५ च्या एका केंद्रीय कायद्याने राज्यांकडेच ठेवला असल्यामुळे प्रत्येक राज्य तो आपापल्या कुळाचाराप्रमाणे चालवते. न्यू हॅम्पशरमध्ये तर सर्वसाधारण वाहनचालकावर विम्याची सक्तीच नाही. मी मात्र नोकरीसाठी न्यू जर्सी निवडले होते.

"पस्तीस, सत्तर, पंचवीस चालेल ना?" फोनवरच्या एजंटबाईंनी विचारले. महाराष्ट्रात दहावी झालेल्या माणसाला पस्तीस हा आकडा ऐकून जो दिलासा मिळतो, तो मलाही मिळाला. पुढे कळले की हे हजारांतले डॉलर आहेत : माझ्या चुकीने जखमी होणाऱ्या एका माणसासाठी पस्तीस, त्या अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून सत्तर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी पंचवीस. २०२६ पासून राज्याने स्टँडर्ड पॉलिसीला लावलेली ही किमान मर्यादा म्हणजे अक्षरशः काठावर पास होणे होते. आमचे जुने राज्य तर पंधरा, तीस, पाचवरच वर्गात चढवत असे.

"त्याहून स्वस्त बेसिक पॉलिसीही आहे," बाई म्हणाल्या. त्या पॉलिसीत, मी कोणाला जखमी केले तर त्याच्यासाठी मुळात एक डॉलरही नसतो. हवे असल्यास दहा हजारांची सोय वेगळी मागून घ्यावी लागते. मी घाईघाईने स्टँडर्डवर परतलो. तेव्हा त्यांनी विचारले, की दुसऱ्याच्या चुकीने मला इजा झाली आणि ती कायद्याच्या व्याख्येत बसण्याइतकी गंभीर नसली, तर वेदनांच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क मी सोडणार का, कारण सोडल्यास हप्ता कमी होतो. शिवाय माझा पाय मोडलाच तर पहिले बिल गाडीच्या विम्याने भरायचे की आरोग्य विम्याने, तेही आत्ताच ठरवायचे होते. अजून न मोडलेल्या पायाची इतकी बारीक वाटणी आमच्या घरात जमिनीचीही झालेली नाही.

रात्री साताऱ्याला फोन लावला. "थर्ड पार्टी काढलीस ना? झालं तर मग," अण्णा म्हणाले. त्यांचे चुकत नव्हते. भारतात थर्ड पार्टीचा हप्ता सरकारी दराने ठरतो आणि तिऱ्हाइताच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी भरपाईला कमाल मर्यादाही नसते. "आणि तिथे आकडे तुम्हीच निवडायचे? मग सरकार काय करतं?"

सरकारने एक पुस्तिका काढली होती, आणि ती मी टाकून दिली होती. राज्याच्या बँकिंग व विमा विभागाची ती खरेदी-मार्गदर्शिका कंपनीने कागदपत्रांसोबत पाठवली होती. जाहिरात समजून मी ती रद्दीच्या निळ्या डब्यात घातली होती. टॉर्च घेऊन, पिझ्झाच्या खोक्याखालून ती बाहेर काढली. एजंटबाईंनी पाऊण तासात सांगितलेले सगळे तिच्यात सरळ इंग्रजीत होते आणि कंपनीविरुद्ध तक्रार कुठे करायची, हेही होते. चीज लागलेली दोन पाने तेवढी उघडली नाहीत.

मग मी शहाण्यासारखा शंभर, तीनशे, शंभरवर गेलो, दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर मागवले आणि चौथ्या दिवशी गाडी मागे घेताना स्वतःच्याच गॅरेजचे दार वाकवले. आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची सक्ती राज्य करत नाही. ते कलम मी स्वतःहून घेतले होते आणि त्याचा मला अभिमान होता. त्यातले पहिले हजार डॉलर मी भरायचे होते. बंपरचे बिल नऊशे चाळीस आले.