‘कोड खुला करा, माणसं आपोआप येतात’: येतात, पण कोण?

एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाला टीम, भूमिका, नियम असलं काही लागत नाही, असं तो सांगतो. फुकट काम करणाऱ्याला काम सांगता येत नाही; कोड खुला केला की माणसं आपोआप येतात; नियम केले की ती पळतात; आणि माणसं जितकी जास्त तितकं काम झपाट्यानं होतं. नवे मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) हे खरं मानून प्रकल्प चालवायला घेतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘स्वयंसेवकाला काम सांगता येत नाही’

हे खरं आहे. डेबियन या स्वयंसेवकांच्या ऑपरेटिंग सिस्टिम प्रकल्पाच्या 1998 सालच्या घटनेत तसं लिहिलेलंच आहे: प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कुणावरही नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की, नियमांच्या आणि नियमानुसार झालेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काम करता येणार नाही. आणि त्याच घटनेत दरवर्षी निवडला जाणारा प्रकल्पप्रमुख आहे, त्याने नेमलेले प्रतिनिधी आहेत, तांत्रिक समिती आहे. सक्ती करता येत नाही म्हणूनच हे सगळं लागतं. नोकरीत काम अडलं की साहेब ते दुसऱ्याकडे देतो. इथे साहेब नाही, त्यामुळे अडलेल्या कामात दुसऱ्याने कधी आणि कसा हात घालायचा हे आधी ठरलेलं हवं. डेबियनमध्ये पॅकेजचा (इन्स्टॉल करण्यासाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरचा) मेंटेनर गप्प असेल तर दुसरा डेव्हलपर दुरुस्ती करून ती ‘डिलेड’ रांगेत टाकू शकतो. ठरलेले दिवस ती तिथे थांबते. तेवढ्यात मेंटेनरने हरकत घेतली तर ती मागे घेता येते, नाहीतर पुढे जाते. भांडण नाही, मनधरणीही नाही.

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये प्रत्येक भागापुढे नावं, फाइलींचे मार्ग आणि एक स्थिती असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे हा भाग बघण्याचे कुणाला तरी पैसे मिळतात. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी बघतंय. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे मेंटेनर आहे, पण किरकोळ पॅच (कोडमधले बदल) घेण्यापलीकडे त्याला वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नाही. लहान प्रकल्पानेही रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एवढं लिहिलं तरी पॅच पाठवणाऱ्याचे कित्येक आठवडे वाचतात.

‘माणसं आपोआप येतात’

वापरणारे येतात, सांभाळणारे क्वचितच. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक मार्च 2012 च्या 1.0.1 आवृत्तीतून बाहेर पडली आणि एप्रिल 2014 मध्ये जाहीर झाली. कोड सगळा वेळ खुलाच होता.

फाइल्स आकसणाऱ्या एक्सझेड युटिल्स या साधनांचं प्रकरण तर या दाव्याला उलटं लावतं, कारण तिथे माणूस खरंच आपणहून आला. एकटा मेंटेनर प्रकल्प रेटत होता. ‘काम संथ आहे, दुसरा मेंटेनर घ्या’ असा तगादा काही ऑनलाइन खात्यांनी लावला आणि दीर्घकाळ चांगले पॅच देणाऱ्या एका टोपणनावाच्या हाती रिलीजचे (नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे) अधिकार गेले. मार्च 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार (चोरून आत शिरण्याची वाट) सापडलं. ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या सूचना) फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोकांना दिल्या जाणाऱ्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती, गिट रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) नव्हती. यातून निघणारी कृती सरळ आहे: टॅगवरून (रेपोतल्या त्या आवृत्तीच्या खुणेवरून) टारबॉल दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे बांधायचं, रिलीजच्या टारबॉलशी ताडून बघायचं आणि मगच ते प्रसिद्ध करायचं. दुसरा माणूस असता तर हे नक्की टळलं असतं असं नाही, पण एकट्यावर दबाव आणणं सोपं असतं.

नवी माणसं हवी असतील तर ‘गुड फर्स्ट इश्यू’चं (नवख्यासाठी सोपं काम) लेबल पुरत नाही. इश्यूमध्ये (कामाच्या नोंदीत) चार गोष्टी हव्यात: कोणती फाइल, काय बदललं की काम झालं म्हणायचं, कोणती टेस्ट कशी चालवायची, रिव्ह्यू (तपासणी) कोण करणार. मेंटेनरलाच न सुटलेल्या जुन्या भानगडींना हे लेबल चिकटवणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे ‘मी करतो’ म्हणून गायब झालेल्याच्या नावावर इश्यू अडकून राहणं. दोन आठवडे हालचाल नसेल तर बॉटने (स्वयंचलित प्रोग्रामने) नाव काढावं. माणसाने काढलं की उगाच वाईटपणा येतो.

‘नियम केले की लोक पळतात’

लोक पळतात ते शुकशुकाटाने. पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घेण्याची विनंती) महिनाभर तशीच पडली तर दुसरी येत नाही. आठवड्याचा एक रिव्ह्यूअर पाळीने ठरवावा. त्याने सगळा कोड तपासायचा नाही. तीन-चार दिवसांत प्रत्येकाला उत्तर द्यायचं, मग ते ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ एवढंच का असेना.

निर्णयांचंही तेच. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं ठेवतात, म्हणजे वेगवेगळ्या टाइमझोनमधल्यांना संधी मिळते. रिलीजला प्रकल्प समितीची किमान तीन अनुकूल मतं लागतात. कोडमधला बदल तांत्रिक कारण देऊन एकटाही रोखू शकतो, रिलीज मात्र रोखू शकत नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आरएफसीवर (बदलाच्या प्रस्तावावर) शेवटची हरकत नोंदवायला दहा दिवस असतात. असा नियम नसला तर रात्रभर जागून सर्वांत जास्त लिहिणाऱ्याचं खरं ठरतं.

‘माणसं जास्त, काम जलद’

पॅच वाढतात, रिव्ह्यू करणारे तेवढेच राहतात. रांग तिथेच तुंबते. म्हणून कुबरनेटिसमध्ये (अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रणालीत) फोल्डरनुसार ‘ओनर्स’ फाइल असते आणि त्यात तपासणारे रिव्ह्यूअर वेगळे, मंजुरी देणारे अ‍ॅप्रूव्हर वेगळे. रिलीज टीममध्ये प्रमुखांच्या हाताखाली ‘शॅडो’ काम शिकतात. एका भागाला तीन ते पाच जण पुरे. दहा जणांच्या टीमला एकत्र टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या ‘कोडओनर्स’ (कोणत्या भागाचा रिव्ह्यू कुणी करायचा हे सांगणाऱ्या) फाइलमध्ये दोन खाचखळगे आहेत. एका फाइलला अनेक ओळी जुळल्या तर शेवटची लागू होते, त्यामुळे सर्वसाधारण ओळ खाली लिहिली की वरच्या सगळ्या निकामी. आणि ज्याला कोड बदलण्याचा राइट अ‍ॅक्सेस नाही त्याला रिव्ह्यूची विनंती जातच नाही.

निघून जाणाऱ्यांचीही सोय हवी. वर्षभर हालचाल नसलेल्याला आधी विचारून ‘एमेरिटस’ (मानाने निवृत्त) यादीत न्यावं: मान राहतो, अधिकार जातात. डोमेन, साइनिंग की (रिलीजवर डिजिटल सही करण्याची किल्ली), पॅकेज रजिस्ट्री (पॅकेज जिथून डाउनलोड होतं ती जागा) आणि सीआयची (आपोआप टेस्ट व बिल्ड करणाऱ्या यंत्रणेची) गुपितं यांपैकी प्रत्येकाचा ताबा किमान दोघांकडे असावा आणि कुणी बाहेर पडलं की त्याच दिवशी गुपितं बदलावीत.

एवढं करूनही काही कामांना स्वयंसेवक टिकत नाहीत: इश्यूंची छाननी, सुरक्षा दुरुस्त्या, वेळेवर रिलीज. जँगो या वेब फ्रेमवर्कने 2014 पासून यासाठी पगारी ‘फेलो’ ठेवले आहेत. निधी नसेल तर ही कामं कमी करावीत. जुन्या आवृत्तीचा आधार कधी बंद होणार ती तारीख आधीच जाहीर करावी.