सिनसिनाटी रेड्स आणि 1869: एक खुलासा

अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचा आजचा ‘रेड्स’ हा संघ 1869 पासून अखंड चालत आलेला जगातील पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ आहे, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ, ‘रेड स्टॉकिंग्ज’, याच शहराचा होता आणि 1869 च्या हंगामात तो अपराजित राहिला. त्याचे सूत्रधार हॅरी राइट हे मूळचे व्यावसायिक क्रिकेटपटू होते, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना विशेष वाटावी. मात्र 14 जून 1870 रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने त्यांना 11 डावांत 8-7 असे हरवले, त्यानंतर प्रेक्षक आटले आणि वर्षअखेरीस संघच मोडला. राइट काही खेळाडूंसह, अगदी नावही सोबत घेऊन, बोस्टनला गेले; तो बोस्टनचा संघ म्हणजे आजचा अटलांटा ब्रेव्ह्ज.

सिनसिनाटीचा पुढचा संघ 1876 मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉल साखळी स्पर्धेत आला खरा, पण मैदानावर बिअर विकण्याच्या वादातून 1880 मध्ये त्याला लीगबाहेर काढण्यात आले. आजचा रेड्स त्यानंतरचा, 1881 मध्ये स्थापन झालेला आहे.